मिडीयम फॉरमॅट लेन्सवर फिल्टर आणि झाकण पक्कं कसं बसवावं?

माळरान, सातारा
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मुख्यतः फिल्मवाल्यांसाठी धागा काढतोय, पण डिजिटलवाल्यांनीही यावं. आट्यांना फिल्म-डिजिटल काही कळत नाही.

माझ्याकडे मामिया आरबी ६७ हा मिडीयम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा) कॅमेरा आहे, ९० मिमी एफ/३.८ लेन्ससकट. फिल्टरचं माप ७७ मिमी. दुसरा कॅमेरा याशिका मॅट १२४ जी, त्याला आट्यांऐवजी बे-१ मापाचं बायोनेट (दाबून फिरवून अडकवायची बैठक). दोन्ही सेकंडहँड. कासचा बहर सुरू झालाय, एक दिवस तिकडे आणि एक दिवस चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर असा बेत आहे. रोल ब्लॅक अँड व्हाइट, आभाळासाठी नारंगी फिल्टर.

अडचणी दोन. आरबीवर नारंगी फिल्टर एक वेढा मऊ जातो आणि मग अडतो. जोर लावला तर जाईलसं वाटतं, पण लावलेला नाही. तोच फिल्टर मित्राच्या ७७ च्या लेन्सवर शेवटपर्यंत सरळ जातो.

याशिकाला मूळ झाकण आलंच नाही. विकणाऱ्याने एक ढकलून बसवायचं प्लॅस्टिकचं दिलंय, ते कॅमेरा गळ्यात अडकवून वाकलं की खाली. सड्यावर (पठारावर) वारा काय असतो ते सांगायला नको. पडलं की गवतात गेलं, आणि शोधायला फुलांत शिरता येत नाही.

भडंगप्रेमी, सांगली
रविवार, रात्री ९.३२

नारंगी फिल्टर लावून कासची फुलं? सीतेची आसवं सगळी काळी येतील की राव!

आट्याला बोटभर खोबरेल लावा, सरकन जाईल. आमच्याकडे सगळ्याला तोच उपाय.

रानजाई, सातारा
रविवार, रात्री ९.५०

भडंगप्रेमी, पहिलं वाक्य बरोबर. निळा-जांभळा रंग नारंगी फिल्टरमधून गडद येतो, पिवळा उजळतो. म्हणजे सीतेची आसवं काळवंडतील आणि मिकी माउसची पिवळी फुलं चमकतील. दोन्ही एकाच सड्यावर असतात, त्यामुळे काय टिपायचंय ते आधी ठरवा. फुलांसाठी फिल्टर काढा, पवनचक्क्यांना लावा.

दुसरं वाक्य मात्र कृपा करून कुणी मनावर घेऊ नका.

आयर्विनखाली, सांगली
रविवार, रात्री १०.१५

खोबरेल?! अहो, आरबीच्या लेन्समध्येच शटर असतं. सेइकोचं लीफ शटर, पात्यांचं. तेल उन्हात पातळ होतं, कडेकडेने सरकत काचेवर येतं. पात्यांपर्यंत गेलं तर पाती चिकटतात आणि एक सेकंदाचं एक्स्पोजर कितीचं होईल ते देव जाणे. यंत्राच्या तेलाचे फवारेही नकोत.

अगदीच कोरडे घासत असतील तर सहा-बी पेन्सिल घ्या. फिल्टरच्या आट्यांवर शिसं फिरवायचं, फिल्टर हातात असताना, लेन्सवर नव्हे. मग ब्लोअरने जास्तीची पूड उडवायची. बस्स.

भडंगप्रेमी, सांगली
रविवार, रात्री १०.२१

बरं बरं, खोबरेल मागे घेतलं. डोक्यालाच लावतो.

व्हर्निअर, कुपवाड
सोमवार, सकाळी ७.०५

लेथवर आयुष्य गेलं, म्हणून चार ओळी लिहितो. फोटोतलं मला फार कळत न्हाय, आट्यातलं कळतं.

जोर लावला नाहीत ते लई बरं केलंत. ७७ च्या फिल्टरचा आटा ०.७५ पिचचा. एका वेढ्यात फिल्टर पाऊण मिलिमीटर आत जातो, आणि आटे असतात जेमतेम दोन-तीन वेढ्यांचे. इतक्या बारीक आट्यात फिल्टर किंचित तिरका धरला तरी शेजारच्या आट्यात चढतो आणि तुम्हाला वाटतं बसला. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम असलं की तिरक्या आट्यात दाबताना दोन्ही एकमेकांना खातात, मग पुढं-मागं काहीच होत न्हाय.

तुमचा फिल्टर दुसऱ्या लेन्सवर जातोय, म्हणजे फिल्टर निर्दोष. दोष लेन्सच्या तोंडाशी. तिथं एकतर घाण हाय, नाहीतर कड चेपून तोंड लंबगोल झालंय. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची जबड्यांची पट्टी) असंल तर आतलं माप चार दिशांनी घ्या. जबडे काचेकडं खोल घालू नका, कडेपुरतंच. नसंल तर कडेवर तिरका उजेड पाडा आणि लेन्स हळूहळू फिरवा, चेपलेल्या जागी काळ्या रंगावर चकाकी तुटलेली दिसते.

आता लावायचं कसं. लेन्सचं तोंड आभाळाकडं करा. आरबीची लेन्स काढून टेबलावर ठेवली तर उत्तम. फिल्टर वर नुसता ठेवा, दाबू नका, स्वतःच्या वजनानं सपाट बसू दे. मग आधी उलटा फिरवा, म्हणजे सोडायच्या दिशेनं. कुठंतरी बारीक ‘टक’ होईल आणि फिल्टर केसभर खाली उतरंल. तिथं आट्याचं तोंड हाय. तिथून सुलट फिरवायला लागा. ही सवय एकदा लागली की तिरका आटा पडत न्हाय.

आणि ‘घट्ट’ची कल्पना डोक्यातून काढा. आटा फक्त ओढायचं काम करतो. धरून ठेवते ती फिल्टरची कॉलर, म्हणजे आट्यांवरची सपाट कड, आणि लेन्सची कड, दोन्ही सपाट एकमेकांवर टेकलेली. कॉलर टेकली की दोन बोटांनी इवलंसं आवळा आणि हात काढा. पुढं आवळलं त्यानं पकड वाढत न्हाय, फक्त काढताना रडायची सोय होते.

माळरान, सातारा
सोमवार, सकाळी ८.४०

काका, दंडवत! आज संध्याकाळी माप घेतो.

शाहूपुरीकर, सातारा
सोमवार, सकाळी ११.२०

मला वाटतं थंडीचा परिणाम असेल. महाबळेश्वरला डिसेंबरात माझे फिल्टर नेहमी अडकतात, धातू आकसतो ना. घरी आल्यावर सुटतात.

व्हर्निअर, कुपवाड
सोमवार, दुपारी १.३५

जेवणाच्या सुट्टीत हिशेब केला. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागं २३ मायक्रॉन आकसतं, पितळ १९. व्यास ७७ मिमी, फरक २० अंशांचा धरा. ॲल्युमिनियमची लेन्स ३५ मायक्रॉन आकसली, पितळी फिल्टर २९. फरक झाला सहा मायक्रॉनचा. आट्यात मुळात जी ढिलाई ठेवलेली असते ती याच्या कितीतरी पट असते. दोन्ही ॲल्युमिनियमचे असतील तर फरक शून्यच.

थंडीत बोटं आखडतात, ते कारण मोठं. धुक्याचं पाणी आट्यात बसतं, ते त्याहून मोठं.

शाहूपुरीकर, सातारा
सोमवार, दुपारी २.१०

सहा मायक्रॉन! हरलो.

आयर्विनखाली, सांगली
सोमवार, सायंकाळी ६.३०

माळरान, तुमच्या याशिकाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो. आमच्या स्टुडिओत टीएलआर (याशिकासारखे एकावर एक दोन लेन्सचे कॅमेरे) होते, पुढे हॅसलब्लाड आला, त्यामुळे बायोनेटशी जुनी ओळख.

बायोनेट म्हणजे आटे नाहीत, कान. फिल्टर आत दाबून थोडासा फिरवला की कान खाचेत अडकतात. मापं मात्र नीट बघून घ्या, इथेच पैसे वाया जातात. याशिका मॅट १२४ जी आणि मिनोल्टा ऑटोकॉर्डला बे-१. रोलायफ्लेक्स ३.५ एफला बे-२, २.८ एफला बे-३. हॅसलब्लाडच्या जुन्या ८० मिमी सी लेन्सला बी-५०, सीएफला बी-६०. रोलायफ्लेक्सला दोन बायोनेट असतात, आतलं फिल्टरचं, बाहेरचं हूडचं (लेन्सवर ऊन अडवणाऱ्या नळीचं). त्यामुळे फिल्टर लावूनही हूड बसतं. आट्यांच्या लेन्सवर ते सुख नाही, तिथे सगळं एकावर एक चढत जातं आणि कोपरे काळे होतात.

जुन्या बायोनेट फिल्टरचे कान झिजतात आणि फिल्टर खुळखुळतो. कान वाकवायच्या फंदात पडू नका, तुटतात. फिल्टरच्या कॉलरमागे, जिथे ती लेन्सला टेकते तिथे, पातळ चिकटपट्टीचे तीन छोटे तुकडे समान अंतरावर लावा. ताण येतो आणि खुळखुळ थांबते. उन्हाने चिकटा सुटला की बदला.

बे-१ चे रंगीत फिल्टर आता शोधावे लागतात, म्हणून लोक बायोनेटवर बसणारी आट्यांची रिंग घेतात आणि साधे फिल्टर लावतात. रिंग लहानात लहान मापाची घ्या. मोठी घेतली तर वरच्या लेन्सच्या कडेला घासते आणि फोकसच्या काचेत खालचा भाग झाकलेला दिसतो. अशा रिंगवर आणखी एक गंमत आहे, हॅसलब्लाडवरही तीच. आट्यातून फिल्टर सोडायची दिशा आणि बायोनेट सोडायची दिशा एकच. फिल्टर काढायला जाता आणि रिंगसकट हातात येतो, तोही अर्धवट सुटून. त्यामुळे दोन्ही मिळूनच काढा आणि मग खाली बसून वेगळे करा.

आता झाकण. टीएलआरला दोन्ही लेन्स एकत्र झाकणारंच घ्या, चष्म्यासारखं जोडलेलं. कारण वरच्या लेन्समधून तुम्ही बघता आणि खालची फोटो काढते. खालच्या लेन्सवर एकट्याचं झाकण राहिलं तर वर सगळं लख्ख दिसतं, शटर वाजतं, रोल पुढे सरकतो, आणि बारा फ्रेम कोऱ्या. आरबीत असं होत नाही, तो एसएलआर आहे, फोटो काढणाऱ्या लेन्समधूनच बघायचं, झाकण असलं तर काळोखच दिसतो.

रानजाई, सातारा
सोमवार, रात्री ९.०५

त्याच न दिसण्याचा दुसरा भाग. १२४ जीचा मीटर कॅमेऱ्याच्या अंगावर आहे, लेन्समधून मोजत नाही, म्हणजे त्याला फिल्टर कळत नाही. आरबीला तर मीटरच नाही. नारंगीला साधारण दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड, जास्त द्या. ४०० चा रोल असेल तर मीटरवर १०० लावून मोकळे व्हा. फिल्टर काढलात की परत ४००.

मी स्वतः डिजिटल मिडीयम फॉरमॅट वापरते, फुजी जीएफएक्स, ६३ मिमी लेन्स, फिल्टर ६२ चा. माझा जास्त संबंध पोलरायझरशी येतो, ओल्या पानांवरची चमक मारायला. त्याची पुढची रिंग सतत फिरवावी लागते आणि फिरवता फिरवता अख्खा फिल्टर सुटत जातो. यावर उपाय म्हणजे एकाच दिशेने फिरवायचं, आवळायच्या. पण आपण उभे कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे दिशा उलटी होते. मागून बघताना रिंगची वरची कड बोटाने डावीकडे ढकलायची. हवा तो कोन चुकला तर मागे न येता पुढे फिरवत न्या, अर्ध्या फेऱ्यात तोच कोन पुन्हा येतो.

अजून एक, पठारावर भुरभुर असते तेव्हा फिल्टर राहू दे, पण घरी आल्यावर तो लेन्सवर तसाच ठेवून बॅग बंद करू नका. आट्यांतलं पाणी सुकत नाही, फिल्टर आणि काचेच्या मधल्या पोकळीत दमट हवा कोंडते. बुरशीला अजून काय हवं? फिल्टर वेगळा, लेन्स वेगळी, दोन्ही रात्रभर कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत. लेदरच्या केसमध्ये तर पावसाळ्यात काहीच ठेवू नका.

आयर्विनखाली, सांगली
सोमवार, रात्री ९.३०

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला दोन्ही हातांनी अनुमोदन. २००५ आणि २०१९ चा पूर बघितलेल्या गावचा माणूस आहे मी. पाणी दुकानात न येताही पुढचे दोन महिने हवा ओली असते. त्या हवेत फिल्टर लावून ठेवलेल्या लेन्स आणि उघड्या कोरड्या डब्यात ठेवलेल्या लेन्स यांच्यातला फरक टॉर्च मारला की दिसतो.

भडंगप्रेमी, सांगली
सोमवार, रात्री ९.४४

म्हणजे यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवायचा नाही? आयुष्यभर उलटं ऐकलंय.

आयर्विनखाली, सांगली
सोमवार, रात्री ९.५८

धुळीत, लाटेच्या तुषारांत, गर्दीत लावा. उन्हाकडे तोंड करून फोटो घेताना फिल्टर काढा, नाहीतर चकाकी येते. कपाटात ठेवताना काढा. या विषयावर भांडायला वेगळा धागा काढा, मी येईन.

माळरान, सातारा
मंगळवार, रात्री ८.१५

माप घेतलं! तीन दिशांना सारखं, चौथ्या दिशेला ०.१५ मिमी कमी. घड्याळात चार वाजतात त्या जागी कड किंचित आत आली आहे, डोळ्यांना दिसत नव्हती, तिरक्या उजेडात कळली.

पण खरी गंमत पुढे. तोंड खाली करून आट्यांत कोरडा मऊ टूथब्रश फिरवला तर पांढऱ्या कागदावर पिवळी पूड! चिमूटभर. वास घेतला, हळद.

भडंगप्रेमी, सांगली
मंगळवार, रात्री ८.२०

यळकोट यळकोट जय मल्हार!

रानजाई, सातारा
मंगळवार, रात्री ८.३३

आधीच्या मालकाने पालीची यात्रा केलेली दिसते. खंडोबाचा भंडारा एकदा अंगावर आला की शर्टालाही सोडत नाही, लेन्स काय सोडणार.

भडंगप्रेमी, सांगली
मंगळवार, रात्री ८.४१

किंवा आमच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे काढले असतील. तिथे तर हवाच पिवळी.

व्हर्निअर, कुपवाड
बुधवार, सकाळी ६.५०

पूड निघाली त्यानं निम्मं काम झालं. आता किती वेढे जातो?

माळरान, सातारा
बुधवार, सकाळी ७.३०

आता शेवटपर्यंत जातो, कॉलर टेकते. फक्त शेवटच्या वेढ्यात त्या चार वाजताच्या जागी थोडा जड लागतो. कड सरळ करून घेऊ का? लेन्स व्हाइस नावाचं हत्यार मिळतं म्हणे.

आयर्विनखाली, सांगली
बुधवार, सकाळी १०.१०

मिळतं. दोन गोलाकार जबडे, स्क्रू फिरवला की बाहेरच्या बाजूला पसरतात आणि चेपलेली कड आतून ढकलतात. मोठ्या चेपेवर छान काम करतं. पण ०.१५ मिमीसाठी मी हात लावणार नाही. कड थोडी जास्त गेली तर आट्यांवर चीर येते, रंग उडतो, आणि काच तिथून फार लांब नसते. लाकडी ठोकळा आणि हातोडी वाले महाभागही आहेत, त्यांच्यापासून तर लांबच राहा.

व्हर्निअर, कुपवाड
बुधवार, दुपारी १.४०

सायेब बरोबर सांगतात. आणि कुणी ‘आटे नव्यानं पाडून देतो’ म्हणालं तर लेन्स घेऊन पळत सुटा. आटे कापताना किस पडतो, तो लेन्सच्या आत जातो.

मी काय केलं असतं सांगतो. ७७ चा जुना पितळी यूव्ही फिल्टर शोधा, काच ओरखडलेली असली तरी चालंल, उलट स्वस्त मिळंल. पुढं आटे असलेला पाहिजे, अगदी पातळ कडेचे घेऊ नका, त्यातल्या काहींना पुढं आटेच नसतात. काच धरणारी बारीक रिंग काढा, काच काढा. उरली नुसती पितळी कड. ती लेन्सवर एकदा नीट बसवा आणि तिथंच ठेवा. इथून पुढं सगळे फिल्टर त्या पितळी आट्यात लावायचे-काढायचे. ॲल्युमिनियमचा फिल्टर पितळेला चिकटून बसायचा संभव कमी. आणि उद्या कॅमेरा कुठं आपटला तर चेपंल ती कड तुमची, लेन्सची न्हाय.

९० मिमीला एवढ्या रिंगनं कोपरे काळे होतील का, ते फोटोवाल्यांनी सांगावं.

आयर्विनखाली, सांगली
बुधवार, दुपारी ३.०५

६×७ वर ९० म्हणजे नॉर्मल लेन्स, एका रिंगने काही होत नाही. ५० मिमीची वाइड लेन्स लावाल तेव्हा मात्र रिंग काढून टाका.

काका, ही युक्ती मी इतकी वर्षं का ऐकली नव्हती?

शाहूपुरीकर, सातारा
बुधवार, सायंकाळी ७.१५

धाग्यात भर. फिल्टर अडकलाच तर काढायचा कसा? माझा ७७ चा एक अजून अडकलेला आहे (थंडीमुळे नव्हे, मान्य).

व्हर्निअर, कुपवाड
बुधवार, रात्री ८.३०

चिमटीत धरू नका. दोन बोटांनी दाबलं की पातळ रिंग लंबगोल होते आणि आट्यात आणखी रुतते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद पट्टा कापा, फिल्टरच्या कडेवर ताणून बसवा, आणि पूर्ण तळवा लावून सगळीकडून सारखा धरून फिरवा. नाहीच निघाला तर स्वच्छ धुतलेली रबरी चप्पल उलटी ठेवा, त्यावर लेन्सचं तोंड हलकं टेकवा आणि कॅमेरा फिरवा. फिल्टरची काच कडेच्या बाहेर आलेली नाही ना, ते आधी बघा. दाब अगदी थोडा, जास्त दाबलं की परत तेच.

शाहूपुरीकर, सातारा
बुधवार, रात्री ९.२०

ट्यूबने निघाला! पहिल्याच झटक्यात. बायको म्हणतेय चपलेची वेळ आली नाही हे बरं.

माळरान, सातारा
गुरुवार, सकाळी ७.५०

पितळी यूव्ही पुण्याहून मागवलाय. आता एकच राहिलं, झाकण. याशिकाचं जोडझाकण शोधतोय, पण आरबीचंही चिमट्याचं झाकण सैल आहे, स्प्रिंग मेलेली. दोरीने बांधून ठेवू का?

रानजाई, सातारा
गुरुवार, सकाळी ९.००

दोरी नको. चाळकेवाडीच्या वाऱ्यात झाकण फडफडत लेन्सवर आपटतं आणि ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरला कॅमेरा हलवतं. नवीन झाकण घेताना मधून चिमटायचं घ्या, हूडच्या आतही बोटं पोचतात. आणि काढलेलं झाकण रोज त्याच खिशात.

व्हर्निअर, कुपवाड
गुरुवार, दुपारी १.३०

बाजारातलं नको असंल तर हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसी पाइपचा एंड कॅप मिळतो, ६३, ७५, ९०, ११० अशा मापांत. टोपीसारखा लेन्सवर चढवायचा. खुर्चीच्या पायाला लावतात ते चिकटणारं फेल्ट आतल्या भिंतीवर लावा, जाडी पुरेपर्यंत थर चढवा. ओढल्यावर जरा हवा अडल्यासारखी वाटली पाहिजे, तेवढं घट्ट. तळाला, काचेसमोर, फेल्ट लावू नका, तंतू पडतात. आणि कॅप आतून धुऊन वाळवून मगच फेल्ट, प्लॅस्टिकचा किस राहिलेला असतो.

भडंगप्रेमी, सांगली
गुरुवार, दुपारी १.४८

काका, माझ्या पेंटॅक्स ६७ च्या १०५ मिमीला पण करायचंय. माप ६७. मग ७५ चा कॅप आणू?

व्हर्निअर, कुपवाड
गुरुवार, दुपारी २.०२

६७ हे आतल्या आट्याचं माप झालं. टोपी चढते बाहेरच्या कडेवर. ते बाहेरचं माप व्हर्निअरनं घ्या. कॅपचं आतलं माप उणे ते माप, भागिले दोन, एवढी फेल्टची जाडी, दाबलेल्या अवस्थेत. ती तीन मिलिमीटरच्या वर जात असंल तर खालच्या मापाचा कॅप बघा. कॅप विकत घ्यायला जाल तेव्हा लेन्स सोबत न्या, आणि दुकानदाराला काउंटरवरची सिमेंटची पूड आधी पुसायला सांगा.